उंबऱ्याच्या आतलं इंग्रजी

आमच्या घरमालकीणबाईंना, म्हणजे काकींना, फाडफाड इंग्रजी येत होतं, पण फक्त स्वयंपाकघरात. उंबऱ्याच्या अलीकडे त्या अस्सल सातारी होत्या. "आगं, नळ कुणी सोडलाय उगडा?" असं ओरडत त्या यायच्या, आणि उंबरा ओलांडला की त्याच तोंडाने, त्याच पट्टीत, "हू लेफ्ट द टॅप ओपन?" असं विचारायच्या. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आत दुसरी कुणी बाई आहे असं वाटून वाकून बघितलं होतं. आत त्याच होत्या, कासोटा खोचलेला, कपाळावर आडवं कुंकवाचं गोंदण, आणि हातात पळी.

बाहेर इंग्रजी येत नसे म्हणजे अजिबातच येत नसे. एकदा बँकेतून कुणाचा तरी फोन आला. पलीकडची मुलगी इंग्रजीत सुरू झाली. काकींनी फोन कानाला लावून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि तशाच तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. एका हातात पळी धरली आणि मग असा काही पट्टा सोडला की पलीकडच्या मुलीला मधे बोलायला जागाच मिळेना.

"हातात काय तरी असल्याबिगार माजी जीभच हालत न्हाई," फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

काकी मूळच्या रहिमतपूरच्या. नवरा फौजेत, सुभेदार होऊन निवृत्त झालेला, पुढे वारलेला. कुपवाडला कारखान्यांच्या मागच्या बाजूला त्यांनी दोन मजली घर बांधलं होतं आणि वरच्या खोल्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मुलींना द्यायच्या. आम्ही तिघी होतो. राहायला वर, जेवायला खाली, असा शिरस्ता.

इंग्रजीचा उगम त्यांनी मला एकदा कोथिंबीर निवडता निवडता सांगितला. लग्नानंतर लांब कुठल्याशा छावणीत शेजारी दक्षिणेतल्या एका अधिकाऱ्याची बायको राहायची. "तिला हिंदी येत न्हाई, मला तिची भाषा येत न्हाई. दोगीबी एकट्या. मग तिनं मला तिच्या चुलीपाशी बशिवलं. ती कांदा दाखवायची, चिरायची आन् म्हनायची, 'आय ॲम चॉपिंग.' मी चिरायची आन् म्हनायची, 'आय ॲम चॉपिंग.' दोन वर्सं. दोगींनी मिळून किती कांदं चिरलं त्येचा हिशोब न्हाई." (हे सगळं त्यांनी मला ओसरीवर बसून सांगितलं, म्हणून मराठीत.) त्या बाईच्या बैठकीत काकी कधी बसल्याच नाहीत. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीला बैठकीची खोली नव्हतीच.

आता माझं सांगते. मी आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. वडिलांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं तेव्हा कुठे मी डिप्लोमापर्यंत पोचले. कुपवाडच्या एका कारखान्यात भट्टीवर शिकाऊ म्हणून लागले. ट्रॅक्टरच्या पिना यायच्या, त्या आम्ही तापवून, तेलात विझवून कडक करून द्यायचो. काम मला आवडायचं आणि यायचंही. पण साहेबांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "दिवाळीनंतर परदेशातलं गिऱ्हाईक तपासणीला येणार आहे. प्रत्येकानं आपापली भट्टी इंग्रजीत समजावून सांगायची. शिकाऊ दोघं आहात, कायम एकालाच करणार." दुसरा शिकाऊ सांगलीत इंग्रजी माध्यमात शिकलेला. तो झोपेतसुद्धा इंग्रजीत कूस बदलत असेल. आणि मी, कागदावरचं सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की घशात बूच. कायम झाले नाही तर परत गाव, आणि गावात आईने स्थळांची रांग लावून ठेवलेली.

घशातल्या त्या बुचाचं मी काकींना सांगितलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला पकडलं. स्वयंपाकघरात जेवायला बसलो, आमटी अळणी. मी मीठ मागितलं. काकी ठार बहिऱ्या झाल्या. बाकीच्या दोघी खाली मान घालून भाकरी मोडत होत्या, त्यांतली एक पुटपुटली, "इंग्लिश." मला वाटलं इशारा कळला, म्हणून मी हळूच म्हटलं, "सॉल्ट."

"व्हॉट अबाउट सॉल्ट?" काकींनी विचारलं.

मिठाचं काय, याचं उत्तर मला देता येईना. पुरतं वाक्य केल्याशिवाय काही मिळायचं नाही, हा तिथला कायदा होता. मी चार दिवस अळणी आमटी खाल्ली. नुसत्या इंग्रजीची भीती नव्हती ती. आमच्याकडे पोरींनी ताटावर बसून काही मागायचं नसतं, वाढतील ते खायचं आणि उठायचं. मराठीतसुद्धा मी कधी धड मागितलं नव्हतं. पाचव्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी ताट सरकवून जवळजवळ ओरडले, "प्लीज पास मी द सॉल्ट!"

काकींनी मीठ तर दिलंच, वर ताटात खर्डा वाढला, त्यावर कच्चं तेल सोडलं, आणि माझ्याकडे अशा बघत बसल्या की जणू मी कुस्ती मारून आले. नवीन मुलीची वाटी त्या मुद्दाम अळणी काढतात, हे बाकीच्या दोघींनी मला नंतर सांगितलं. मी भांडायला गेले तर काकी म्हणाल्या, "मग? गोड लाडू देऊन कोन बोलतंय?"

त्यानंतर माझी शाळा सुरू झाली. वही बंद. लिहिताना दिसलं की वही थेट चुलीकडे निघायची. "लिव्हल्यालं वहीत ऱ्हातं," त्या म्हणायच्या. वस्तूंची नावं त्या शिकवतच नसत. नावं दुकानातल्या पुड्यांवर छापलेली असतात, त्यासाठी मास्तरीण कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. त्या शिकवायच्या ते करणं. सोलणं, चिरणं, किसणं, मळणं, लाटणं, परतणं. एक शब्द दोन-तीन दिवस चालायचा. 'पील'च्या दिवसांत आम्ही एवढा लसूण सोलला की भट्टीवरचे लोक माझ्यापासून लांब उभे राहायला लागले. 'बॉइल' आणि 'सिमर' यांतला फरक मला डिप्लोमाच्या पुस्तकातून कधी कळला नव्हता. इथे तुरीच्या डाळीसमोर तासभर उभं राहिल्यावर कळला. उकळी फुटली की "इट इज बॉइलिंग", आच बारीक केली की "नाऊ इट इज सिमरिंग", आणि मधे कुणी झाकण काढलं की काकींचा पळीचा दांडा मनगटावर. "कीप इट कव्हर्ड!"

मला गोडी लागली हो. खरंच सांगते, कामावरून सुटले की मी स्कूटी अशी हाणायचे की आज कोणता शब्द शिजणार याचीच घाई. चिरता चिरता वाक्यं आपोआप बाहेर पडायची. हात कामात असले की घसा मोकळा व्हायचा, कारण लाजायला सवडच नसायची. काकींचं ते पळीचं म्हणणं मी थट्टेवारी नेलं होतं, आणि आता माझंच तसं झालं होतं.

पण सगळे शब्द काही शिजत नाहीत. साहेबांनी मला पाठ करायला एक पान दिलं होतं, त्यातले शब्द मी काकींना विचारले. 'रिस्पॉन्सिबिलिटी' ऐकून त्यांनी पळी खाली ठेवली. "शिजत न्हाई त्यो शब्द. सोड." 'रिगार्डिंग'? "त्योबी न्हाई." 'काइंडली'? "त्ये कशात घालत्यात?" मी म्हटलं, "आवं काकी, कशात घालत नाहीत, नुसतं म्हणतात." तर म्हणाल्या, "मग नुसतं म्हननाऱ्यांला म्हनू दे. तुजं काय अडलंय?" ते पान पुढे भाकरीखाली पसरायला गेलं.

त्यांच्या हट्टाने एकदा मी चांगलीच तोंडघशी पडले, तेही सांगायला हवं. आमच्यापैकी एकीने डब्यात हात घालून "द राइस इज फिनिश्ड" म्हटलं. काकींनी धावत येऊन पिठाच्या हाताने तिचं तोंड दाबलं. घरात तांदूळ संपला म्हणतात का कधी? वाढला म्हणायचं. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो, तसं. बरं, मराठीत ठीक आहे, पण काकींचं म्हणणं, लक्ष्मीला काय इंग्लिश कळत न्हाई व्हय? म्हणून ठरलं की संपलं तर 'इट इज प्लेंटी' म्हणायचं. आम्ही महिनाभर तेच घोकलं. आणि एक दिवस भट्टीवरचं तेल तळाला गेलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत स्टोअरला इंग्रजीत निरोप टाकला की तेल भरपूर आहे, पाठवून द्या. स्टोअरवाल्याने कशाला पाठवावं? अर्धी पाळी भट्टी गार पडून राहिली. साहेबांनी मला उभं-आडवं झोडपलं. घरी येऊन मी काकींवर उखडले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तेल आलं का न्हाई शेवटी? मग. शुभच बोललीस."

दिवाळीच्या तोंडावर मी पुरण करपवलं. फोनवर बोलत बसले आणि तळ लागला. काकी आल्या तशी मी मराठीत सुरू झाले, की आच मोठी होती, पातेल्याचं बूडच पातळ आहे, आईचा फोन आला, तुम्हीच हाक मारली नाहीत.

"इंग्लिश," काकी म्हणाल्या.

आता यांतलं एकही इंग्रजीत येईना. पातेल्याच्या पातळ बुडाला काय म्हणतात? बराच वेळ धडपडून माझ्याकडे तीनच वाक्यं उरली. "इट इज बर्न्ट. आय बर्न्ट इट. आय विल मेक इट अगेन." इंग्रजी तोकडं असलं की एक फायदा होतो, खोटं बोलायला शब्द पुरत नाहीत. काकींनी नवी डाळ मोजून माझ्यापुढे ठेवली.

तपासणीचा दिवस आला. परदेशातला एक उंच म्हातारा माणूस, पांढऱ्या भुवयांचा. त्याचं इंग्रजीही अडखळतच यायचं, पण हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण मी माझीच वाक्यं मनात जुळवत होते. दुसऱ्या शिकाऊने आपली भट्टी घडाघडा समजावली. छान बोलला, मला मान्य आहे. माझी पाळी आली आणि घशात जुनं बूच परत बसलं. पाठ केलेलं पान आठवायला गेले तर भाकरीच आठवली. साहेबांनी मागून डोळे वटारले. मग मी काय केलं, तर शेजारचा लांब चिमटा उचलला. ज्याने पिना उचलतात तो. हातात वजन आलं.

"फर्स्ट वी वॉश देम," मी म्हटलं. "देन वी ड्राय देम. वॉटर मस्ट नॉट रिमेन." आणि मग सुटलेच. भट्टी आधी तापवून घ्यायची, मगच माल आत. दाटीवाटी करायची नाही, सगळीकडून आच लागली पाहिजे. झाकण उघडायचं नाही. झरोक्यातून रंग बघायचा. तेलात सोडायचं. मग मंद आचेवर पुन्हा ठेवायचं, "लेट इट रेस्ट", नाहीतर कडक होतं पण मोडतं. एक कापून आतून बघायचं. मी दाखवत होते, भट्टीभोवती फिरत होते, म्हातारा माझ्यामागे फिरत होता आणि दर वाक्याला मान हलवत होता. माझं एकेक वाक्य चार-पाच शब्दांचं, आणि त्याला नेमकं तेवढंच कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका परक्या माणसाशी परक्या भाषेत बोलत होते आणि त्याला समजत होतं! मला वाटलं उड्या माराव्यात.

तेवढ्यात त्याने कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बोट केलं. "व्हॉट इज देअर?"

ताडपत्रीखाली आदल्या दिवशीचा एक ट्रे होता. आच जास्त लागली होती, पिना ठिसूळ झाल्या होत्या. चूक माझी होती. साहेबांनीच तो झाकायला लावला होता आणि कुणी विचारलं तर जुनं भंगार म्हणायचं, असं बजावलं होतं. साहेब पुढे सरसावलेही. पण माणूस मला विचारत होता आणि चिमटा माझ्या हातात होता.

"इट इज बर्न्ट," मी म्हटलं. "आय बर्न्ट इट. आय विल मेक इट अगेन."

म्हाताऱ्याने ताडपत्री उचलली, एक पिन हातात घेऊन बघितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. साहेब माझ्याजवळून जाताना दातओठ खाऊन म्हणाले, "घालवलंस. सगळ्यांचं घालवलंस."

पुढचे तीन दिवस निकालाचं काहीच कळलं नाही. मी मनातून गावाकडचं सामान बांधलं होतं. घरी आल्यावर सारखा फोन बघायचे. काकींनी एक दिवस फोन काढून पिठाच्या डब्यात ठेवला. "कनीक मळून ठेवल्यावर सारकी उगडून बगतीस का? गप बस." बाकी धीर वगैरे काही दिला नाही. उलट माझ्याकडून चाळीस-पन्नास भाकऱ्या थापून घेतल्या आणि आळीभर वाटल्या.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यामुळं मला घाम फुटला होता. पण साताऱ्याला आपण याच गिऱ्हाइकाच्या मालासाठी नवी भट्टी काढतोय, आणि त्यानं लिहिलंय, तिथं ही मुलगी पाहिजे, ही लपवत नाही म्हणून. कायम. पूर्ण भट्टी तुझ्या ताब्यात." कुपवाडची जागा दुसऱ्या शिकाऊला गेली होती. मला इथेच राहायचं असेल तर आणखी एक वर्ष शिकाऊ. दोन दिवसांत सांग, म्हणाले.

मी स्कूटी हाणतच घरी आले, फाटकातूनच सगळं सांगितलं, आणि त्याच दमात म्हटलं, "मी नाही जाणार साताऱ्याला. एक वर्षाचा काय प्रश्न आहे? मी इथेच राहते. तुमच्याकडे."

काकी ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि पुढची शेंग फोडली. मला वाटलं, खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर माझी ट्रंक जिन्याखाली. गादीची वळकटी तिच्यावर. वर जाऊन बघते तर माझ्या कॉटवर एक नवीन मुलगी, जत तालुक्यातली, भेदरलेली, गुडघे जवळ घेऊन बसलेली. मी धडाधडा जिना उतरले.

"काकी, हे काय?"

"खोली दिली तिला."

"माझी खोली?"

"तुजं झालं न्हवं का आता. भाकरी फुगल्यावर तव्यावर ठेवत्यात का? करपंल की."

"मी तुमच्यासाठी राहत होते!" माझा आवाज फाटला. "तुम्हाला एकटं सोडून कशी जाऊ?"

काकींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "माज्यापायी थांबलीस तर मी तुला शिकिवलं कशाला? आपली भट्टी सोडून माज्या चुलीम्होरं बसायला? मी बसली की तशी. ती बाई बदली होऊन गेली तवा मला म्हनाली हुती, चल माज्यासंगं, तितल्या शाळंत सैपाकाचं काम हाय, तिचं साहेबबी तयार हाईत. मी म्हनलं, घर सोडून कशी येऊ. न्हाई गेली." त्या शेंगांची टरफलं गोळा करायला लागल्या. "मग बसली हितंच. येवडं इंग्लिश घिऊन. पळीसंगं."

मला राग आला होता, लालबुंद राग, तो मी आजही नाकारत नाही. मी ट्रंक ओढायला लागले तर त्यांनी हात धरला. घरातून कुणी उपाशीपोटी जात नसतं. मला बसवलं आणि ताट वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, दही, वर गूळतूप. मी रागारागात तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी त्यांनी न विचारता वाढली, तीही खाल्ली. पोट तट्ट फुगलं.

फाटकाशी रिक्षा उभी होती. मी न वळता विचारलं, "परत कधी येऊ?"

"भूक लागल्यावर," काकी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

रिक्षातूनच साहेबांना फोन केला, साताऱ्याला जाते म्हणून. सांगलीच्या स्टँडवर मला साताऱ्याची गाडी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. गाडी पेठनाक्याला हायवेवर चढायच्या आतच मला भूक लागली होती.